तंबाखूची तलफ : मेंदूतील मूळ आणि सजगतेचा उपाय

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण मराठी समाजात पिढ्यान् पिढ्या रूढ आहे. तंबाखूच्या बाबतीत ती वारंवार उच्चारली जाते आणि व्यसनी माणसाच्या मनोदुर्बलतेला दोष देऊन विषय संपविला जातो. मेंदूविषयीच्या आधुनिक संशोधनाने मात्र या प्रश्नाकडे पाहण्याची निराळी दृष्टी दिली आहे. जुनी खोड मेंदूतून समूळ पुसली जात नसली, तरी तिचा अंमल ओसरू शकतो, असे हे संशोधन सांगते.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील 15 वर्षांवरील 26.6 टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. 2009-10 मध्ये हेच प्रमाण 31.4 टक्के होते. घट झाली ही समाधानाची बाब होय. तथापि, सेवन करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक धूम्रपान करणारे नसून तंबाखू चघळणारे किंवा मशेरी लावणारे होते. मुखकर्करोगाचे संकट याच सवयीतून घरोघरी येते.

सवय घडते कशी?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधक ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना खाद्याच्या आशेने इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेतून धावण्यास शिकविले. आरंभी वाटचालीत सर्वत्र उंदराच्या मेंदूतील खोलवरच्या पेशी कार्यरत दिसल्या. सराव झाल्यानंतर त्याच पेशी मुख्यत्वे वाटचालीच्या आरंभी व शेवटी उद्दीपित होऊ लागल्या. मधली सारी कृती जणू एकाच गाठोड्यात बांधली गेली होती. बेसल गँगलिया या नावाने ओळखला जाणारा हा भाग माणसाच्या मेंदूतही हेच कार्य करतो. त्यामुळे सायकल चालविणे सोपे होते; आणि त्याचमुळे चंची सोडणे, तंबाखूला चुना लावून मळणे व बार भरणे या क्रिया गप्पांच्या ओघात नकळत पार पडतात.

तलफ कशामुळे?

तंबाखूतील निकोटिनमुळे मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवते. चुन्यामुळे तोंडातील अल्कता वाढते आणि निकोटिन अधिक वेगाने रक्तात शोषले जाते. वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. फळांचा रस मिळण्याची खूण माकडांना परिचित झाली, की डोपामीनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उद्दीपित होत. जेवण आटोपणे, पानटपरी दिसणे, सोबत्याने डबी पुढे करणे या तंबाखू खाणाऱ्याच्या अशाच खुणा होत. खूण, कृती आणि क्षणिक समाधान यांचे चक्र दररोज अनेकदा फिरते व दृढ होत जाते.

दडपण नव्हे, निरीक्षण

निग्रहाचे कार्य कपाळामागील मेंदूच्या भागाकडे असते. परंतु ताणतणाव वाढला, की हाच भाग प्रथम दुबळा होतो. म्हणूनच सकाळी घेतलेली शपथ सायंकाळी मोडते. सजगतेच्या पद्धतीत तलफेशी झुंज दिली जात नाही, तिचे निरीक्षण केले जाते. तलफ आली, हे प्रथम ओळखावे. नंतर ती शरीरात कोठे जाणवते, तोंडाला पाणी सुटते काय, छाती दाटते काय, हे शांतपणे पाहावे. लाट उसळते, शिगेला पोहोचते आणि ओसरते, तशीच गत तलफेची होते. ती पुरी न करताही ओसरते, हा अनुभव वारंवार आला, की खूण आणि कृती यांमधील बंध सैल होतो. एखाद्याने बार भरलाच, तरी त्याची जळजळ व कडवटपणा लक्षपूर्वक अनुभवावा. त्यामुळे मेंदूने या सुखाला दिलेली किंमत उतरू लागते.

संशोधनाचा कौल

जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेतील 88 धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर, सतराव्या आठवड्यात, सजगता शिकलेल्यांपैकी 31 टक्के, तर प्रचलित पद्धतीने शिकलेल्यांपैकी 6 टक्के धूम्रपानमुक्त होते. मात्र 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोबाइलद्वारे दिलेल्या प्रशिक्षणाच्या मोठ्या चाचणीत सोडणाऱ्यांच्या प्रमाणात असा फरक दिसला नाही; तलफ आणि धूम्रपान यांमधील बंध तेवढा सैल झाल्याचे आढळले. यास्तव सजगतेला रामबाण न मानता, वैद्यकीय सल्ला व औषधोपचार यांची जोड म्हणून तिचा स्वीकार करणे इष्ट ठरते.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

व्यक्तीने मन सजग ठेवावे, तसेच गावाने खुणा कमी कराव्यात. शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस 2003 च्या कायद्याने मनाई आहे. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली. या तरतुदींची काटेकोर अंमलबजावणी म्हणजे मुलांच्या मेंदूत सवयीचे चक्र सुरूच होऊ न देणे होय. ग्रामपंचायत कार्यालय आणि ग्रामसभा तंबाखूमुक्त ठेवण्याचा निर्णय सदस्यांना घेता येईल. तलफ आल्यावर दोन मिनिटे थांबून श्वासाकडे लक्ष देण्याचा साधा अभ्यास शिक्षकांना पालकसभेत समजावून देता येईल. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा 2016 पासून सुरू करण्यात आली आहे.

नवी सवय रुजण्यास काळ लागतो. लंडनमध्ये 96 व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात साध्या दैनंदिन सवयी अंगवळणी पडण्यास 18 ते 254 दिवस लागू शकतात, असे अनुमान निघाले. म्हणून एखादे दिवशी पाऊल घसरले, तर त्या माणसाची हेटाळणी न करता त्याला पुन्हा प्रयत्नास प्रवृत्त करणे, हेच कुटुंबाचे व गावाचे कर्तव्य ठरते.