विवाह ते निखळ सहजीवन : बांधिलकीच्या नात्यांची रूपे आणि कायद्याची मान्यता
(महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सहजीवनाचा विचार करताना विवाह हेच त्याचे एकमेव रूप गृहीत धरण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु मराठी भाषेतील शब्दच या गृहीतकाला छेद देतात. लग्न, पाट, मोहतूर, गांधर्व, काडीमोड हे शब्द बांधिलकीची निरनिराळी रूपे समाजाने ओळखली होती, याची साक्ष देतात. विधवा किंवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा पाट अनेक जातींत रूढ होता. मात्र त्याची प्रतिष्ठा प्रथम विवाहाएवढी मानली जात नसे. आज त्यांत नोंदणी विवाह, विवाहाविना सहनिवास, समलिंगी जोडीदारी आणि शारीरिक संबंधाविना केवळ स्नेहावर आधारलेले सहजीवन या रूपांची भर पडली आहे. या नात्यांना मान्यता देताना कायदा कोणता निकष लावतो आणि त्या निकषामुळे कोण संरक्षणाबाहेर राहते, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. विधीचा निकष

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार विवाह हा कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनुसार संपन्न व्हावा लागतो. विधी पुरोहिताचा की वधूवरांच्या प्रतिज्ञेचा, हा वाद महाराष्ट्रात त्याहून बराच जुना आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाह लावण्यास त्याच वर्षी प्रारंभ केला. परस्परांना दिलेले वचन हा विवाहाचा गाभा होय, ही भूमिका त्यामागे होती.

केवळ विधीवर भर दिल्यास काय घडते, हे १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या महाराष्ट्रातील एका प्रकरणावरून स्पष्ट होते. पहिली पत्नी हयात असताना एका पुरुषाने गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह केला. त्यात हार घालणे, वधूवरांच्या कपाळांचा परस्परस्पर्श असे विधी झाले. होम व सप्तपदी मात्र झाली नाही. आवश्यक विधींविना विवाह 'संपन्न' होत नाही, असे सांगून न्यायालयाने द्विभार्येच्या आरोपातून त्या पुरुषाची मुक्तता केली. कायद्याचा हेतू स्त्रीच्या संरक्षणाचा होता; परंतु विधीतील उणिवेचा लाभ पुरुषास झाला. पहिल्या पत्नीची तक्रार निष्फळ ठरली आणि दुसरीस पत्नीपद मिळाले नाही.

२. नोंदणीचा निकष

विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये विधीची जागा नोंदणीने घेतली. तीस दिवसांची सूचना, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकाऱ्यासमोरील घोषणा एवढ्यावर आंतरधर्मीय विवाहदेखील वैध होतो. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे विवाह हा नागरी करार मानला जातो. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. तेथे विवाहासोबत संपत्तीतील निम्मा हिस्साही येतो. महाराष्ट्रातील पत्नीस विवाहाने असा हिस्सा आपोआप मिळत नाही.

मात्र नोंदणी म्हणजे सर्वस्व नव्हे. हिंदू विवाह अधिनियमाखाली आवश्यक विधी झाले नसतील, तर केवळ नोंदणी प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले.

३. वर्तनाचा निकष

पोटगीच्या प्रश्नात कायद्याची दृष्टी हळूहळू बदलत गेली. १९८८ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात, पहिली पत्नी हयात असताना विधिपूर्वक विवाह झालेल्या स्त्रीस सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगी नाकारली. २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच दुसऱ्या प्रकरणात पहिला विवाह लपवून फसवणूक करणाऱ्या पुरुषास स्वतःच्या गैरकृत्याचा लाभ घेता येणार नाही, असे सांगून त्याच न्यायालयाने पोटगी मान्य केली.

दरम्यान न्या. मलिमथ समितीने २००३ मध्ये 'पत्नी' या संज्ञेत दीर्घकाळ पत्नीप्रमाणे राहणाऱ्या स्त्रीचा समावेश करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने त्या दिशेने प्रस्ताव संमत केला. परंतु तशी दुरुस्ती प्रत्यक्षात आली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही अशी व्याख्या नाही.

खरा बदल कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ने घडविला. 'विवाहसदृश' नात्यातील स्त्रीस त्याने निवासाचा व आर्थिक साहाय्याचा मार्ग खुला केला. तथापि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संज्ञेस अटी घातल्या : जोडप्याने समाजात पती-पत्नीप्रमाणे वावरावे, दोघेही विवाहास पात्र असावेत आणि स्वेच्छेने पुरेसा काळ एकत्र राहिलेले असावेत. म्हणजे विवाहाबाहेरील नात्यासही विवाहाच्याच मापाने मोजले गेले.

४. मापात न बसणारी नाती

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी तरतूद ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल झाली. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या 'सुप्रियो' निकालात अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क मान्य झाला नाही. नागरी जोडीदारीची मागणीही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने फेटाळली गेली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व परस्परांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले.

उतारवयातील सहजीवनाचा प्रश्न वेगळा आहे. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ सुरू केले. या वयात पुनर्विवाह केल्यास मुलांच्या वारसाहक्काचे प्रश्न उभे राहतात. येथे गरज असते ती सोबतीची. एकत्र आयुष्य काढणाऱ्या दोन मैत्रिणी किंवा दोन मित्र यांना तर कायद्यात नावही नाही. वस्तुतः मानलेल्या नात्याची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या वारीत गुरुबंधू हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच जिव्हाळ्याने पाळले जाते. समाज ज्यास नाते म्हणतो, त्यास कायदा परका समजतो.

याचा परिणाम दैनंदिन व्यवहारात जाणवतो. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत सभासदास कुटुंब असल्यास नामनिर्देशन कुटुंबीयांच्याच नावे करावे लागते. योजनेतील 'कुटुंब' या व्याख्येत मित्र येत नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्येही सहनिवासी जोडीदार वारस नाही. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारू शकते, पण तेवढ्याने तिची मालक होत नाही. म्हणून दोन साक्षीदारांच्या स्वाक्षरीसह केलेले मृत्युपत्र हाच अशा जोडीदारास उपलब्ध असलेला भक्कम आधार होय.

एक अपवाद मात्र मार्गदर्शक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १४ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून व सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडू शकते. तो नातलगच असावा, अशी अट नाही. येथे कायदा नात्याचे नाव विचारत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे तो कोण, एवढेच विचारतो.

५. सोलापूरचा दाखला

हक्क नात्याशी न जोडता व्यक्तीशी जोडल्यास काय साधते, याचे उदाहरण सोलापुरातच आहे. शहरालगत कुंभारी येथे २००६ मध्ये महिला विडी कामगारांसाठी सुमारे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत साकारली. ही घरे महिला कामगारांच्या सहकारी संस्थेतून, त्यांच्या कामगार या नात्याने मिळाली. विवाहित, परित्यक्ता किंवा विधवा यांपैकी ती कोण, यावर अशा घराचा आधार अवलंबून राहत नाही. सहनिवासावरील कायदेशीर चर्चेचा मुख्य प्रश्न, नाते तुटल्यावर स्त्रीने राहायचे कोठे, हाच असतो. कुंभारीत त्याचे उत्तर विवाहाच्या व्याख्येबाहेर मिळाले.

निष्कर्ष

१. विधी, नोंदणी आणि वर्तन या तिन्ही निकषांनी बांधिलकीची अधिकाधिक रूपे कायद्याच्या कक्षेत आणली. परंतु तिन्हींचे माप विवाह हेच राहिले.
२. माप अपुरे ठरते तेथे हानी प्रामुख्याने दुर्बल घटकाची होते. १९६५ व १९८८ चे निकाल याचे द्योतक आहेत.
३. निवास, उपचारविषयक निर्णय व नामनिर्देशन हे हक्क विवाहापासून अलग करून व्यक्तीच्या लेखी इच्छेवर आधारणे शक्य आहे. २०१७ च्या अधिनियमाने तशी वाट दाखविली आहे.

यामुळे विवाहसंस्थेचे महत्त्व कमी होण्याचे कारण नाही. सत्यशोधक परंपरेने दीडशे वर्षांपूर्वी विवाहाचे मूळ वचनात पाहिले. तेच वचन अन्य रूपांत पाळणाऱ्यांना आजारपणात, वृद्धत्वात व जोडीदाराच्या मृत्यूनंतर परके ठरविले जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.