आकाशातलं अंतर (लेखांक ६) : जाताना आठ तास, येताना सात

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या दोन विमानतळांमधलं अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. तरीही वेळापत्रकात न्यूयॉर्कला जायला आठ तासांच्या आसपास दाखवतात आणि परतीला साधारण सात. पुष्कळांना वाटतं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत येत असणार. मग जायलाच कमी वेळ लागायला हवा. तसं होत नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं. फरक पाडतो तो वारा.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, नेमक्या प्रवासी विमानांच्या पातळीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. हाच जेट स्ट्रीम. दक्षिणेकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातली तफावत त्याला बळ देते. म्हणून हिवाळ्यात तो जास्त जोर धरतो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला, पण अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि बाहेरच्या जगात तो फारसा कुणी वाचला नाही. इतकं मोलाचं काम असं दुर्लक्षित राहावं, याची हळहळ वाटते.

आता हिशेब करू. हवेतून जाताना विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरा. जाताना उरतात ८००, म्हणजे ६ तास ५५ मिनिटं. येताना मिळतात १,०००, म्हणजे ५ तास ३२ मिनिटं. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं यांचा वेळ वेगळा. गंमत अशी, की वारा अजिबात नसता तर जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं लागली असती. वाऱ्यामुळे सुमारे ९ मिनिटं जास्तच लागतात. येताना कमावलेलं जाताना गमावलेल्याला पुरत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

अटलांटिकवर हा वारा पहिल्यापासून भारी पडला आहे. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी न थांबता तो ओलांडला, तो न्यूफाउंडलंडहून आयर्लंडकडे, वारा पाठीशी घेऊन, सोळा तासांच्या आत. उलट दिशेनं ‘ब्रेमेन’ विमान पोचलं ते थेट एप्रिल १९२८ मध्ये, आणि त्याला ३६ तासांच्या आसपास लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘किआरा’ वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ध्वनीपेक्षा जास्त भरला, पण त्यानं ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती.

म्हणूनच या समुद्रावरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नसतात. वाऱ्याचा अंदाज पाहून ते रोज नव्यानं ठरतात. कधीकधी लांबचा मार्गच लवकर पोचवतो.

मुंबईहून लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, दुसऱ्या टप्प्यावर उलटा वारा धरूनच चालावं. न्यूयॉर्कहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर इमिग्रेशनची रांगही तिथेच लागते. मध्ये किमान तीन तास मोकळे ठेवा.