पित्तनलिका जोडली, तरी लक्ष हवंच

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी डोळे पिवळे झाले, की उळवीसारख्या जंगलातल्या गावात आधी झाडपाल्याची आठवण होते. ‘कावीळ आहे, औषधाने उतरेल.’ पण ही कावीळ त्या जातीची नाही. पित्ताशय काढताना यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नलिका चुकून कापली गेली, तिला चिमटा बसला किंवा चटका लागला, तर ती जागा आक्रसते आणि पित्त मागे तुंबते. बंद वाट कुठलाही पाला उघडू शकत नाही. त्यात गेलेले आठवडे मात्र यकृताला भोवतात.

‘दुर्बिणीतून केलं, म्हणजे धोका नाही’ हाही समज पक्का आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातलं असं पहिलं ऑपरेशन केलं. तेव्हापासून रुग्णांचे हाल खूप कमी झाले, हे खरंच. तरीही नलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारणपणे हजारात तीन ते पाच इतकं सांगितलं जातं.

मग दुरुस्ती कोण करणार? ‘ज्यांनी केलं तेच नीट करतील’ असं घरच्यांना वाटतं. इथेच सर्वांत मोठं नुकसान होतं. यशाची सर्वाधिक शक्यता पहिल्या दुरुस्तीत असते. ती फसली की पुढची अधिक अवघड. म्हणून अनुभवी हात जवळ नसेल तर पोटात निचऱ्याची नळी ठेवून रुग्णाला यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञाकडे पाठवणं, हाच शहाणपणा. नेहमीची दुरुस्ती म्हणजे आतड्याचा एक फाटा वर आणून अरुंद भागाच्या वरच्या निरोगी नलिकेला जोडणं.

अनुभवी केंद्रांत दहापैकी आठ-नऊ रुग्णांना याने दीर्घकाळ आराम पडतो. पण ‘जोडलं, संपलं’ हे खरं नाही. जोडावर व्रण धरतो आणि वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत, क्वचित दहा वर्षांनंतरही. ब्रिटनचे अँथनी ईडन यांची नलिका १९५३ साली लंडनमध्ये पित्ताशय काढताना अशीच दुखावली. बोस्टनला दुरुस्ती झाली, तरी १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगात पंतप्रधान असताना त्यांना तीव्र ताप आला. १९५७ आणि १९७० मध्ये पुन्हा ऑपरेशनं करावी लागली.

आज प्रत्येक वेळी पोट उघडावं लागत नाही. त्वचेतून यकृतात नळी घालून फुग्याने जोड रुंद करता येतो. त्याने भागलं नाही, तर पुन्हा शस्त्रक्रिया. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण मात्र वळवलेल्या आतड्यातून तिथवर सहज पोहोचत नाही.

डोळे पिवळे नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. आधी खाज सुटते, हुडहुडी भरून ताप येतो, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन तेव्हा ठीकही असू शकतं. जंगलपट्ट्यात असा ताप हिवतापात सहज खपून जातो. मलेरियाची तपासणी जरूर करा, पण नलिका जोडलेली आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. सांगितलेल्या वेळी रक्ततपासणी करून घ्या. ऑपरेशनची कागदपत्रं जपून ठेवा. आणि थंडी वाजून ताप आला तर उळवीहून कारवार, हुबळी, बेळगाव किंवा बांबोळी, जिथे सोय असेल तिथे त्याच दिवशी निघा. हा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.