पितळेची कडी आणि पाच नंबरचे तेल

जुन्या मोटारीचा विषय निघाला की आपल्याकडे कौतुक होते ते तिच्या रंगाचे, दिव्यांचे आणि मडगार्डांचे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग आठवली म्हणजे लंडनच्या गर्नी नटिंग यांनी तिच्यावर चढवलेला देखणा साज डोळ्यांपुढे येतो. गिअरबॉक्स मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. आणि म्हाताऱ्या मोटारीचे दुखणे पुष्कळदा सुरू होते ते तेथेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा ग्वाल्हेर-इंदूरकडील कित्येक मराठी घरे सरकारी दप्तरांच्या मागोमाग येथे आली. आमचे एक स्नेही अशाच घरातले. अवधपुरीत त्यांच्या दारापुढे तीर्थरूपांची १९६४ सालची अॅम्बॅसिडर उभी असते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो आणि वर्षातून चार वेळा ती मोठ्या तलावापर्यंत जाऊन येते. परवा दुसरा गिअर टाकताना ती कुरकुरू लागली. स्नेह्यांनी तातडीने बाजारातले सर्वांत महाग गिअरऑइल आणले. डब्यावर ‘जीएल-५’ असे छापलेले होते. चारापेक्षा पाच मोठे, हा हिशेब कोणीही असाच केला असता.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी डबा हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, “साहब, पाँच बड़ा होगा, मगर ये पीतल को खाता है।”

वाचकहो, या एका वाक्यात सारे शास्त्र आले. गिअर बदलताना दोन दंतचक्रांचा वेग जुळला नाही तर दाताला दात घासतो. पूर्वी हा वेग चालकालाच जुळवावा लागे. क्लच दोनदा दाबण्याची ती कसरत ज्येष्ठांना आठवत असेल. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेशची युक्ती आणली आणि हे काम गिअरबॉक्सवर सोपवले. जुन्या गाड्यांत ते बहुधा पितळेची किंवा काशाची एक बारीक कडी करते. ती चक्राच्या उतरत्या अंगावर घासते, त्याला धरते, वेग जुळवते आणि मगच दातांना भेटू देते. तेल फाजील निसरडे असेल तर तिची पकडच बसत नाही.

जीएल-५ तेल मुळात दुसऱ्याच कामासाठी आहे. मागच्या आसातील डिफरन्शिअलमध्ये हायपॉइड जातीची चक्रे असतात. त्यांचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून या तेलात गंधक आणि स्फुरदयुक्त द्रव्ये भरपूर घालतात. ती पोलादाला तारतात. पण तेल तापले की त्यांतली काही पितळेला हळूहळू कुरतडतात. आता पितळेला न दुखावणारी जीएल-५ तेलेही निघाली आहेत. परंतु कंपनीने तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर पितळेच्या गिअरबॉक्सला जीएल-४ च बरे. पाच ही चाराची बढती नव्हे, ते निराळे खाते आहे.

दाटपणाच्या आकड्याचीही अशीच गंमत आहे. गिअरऑइलचे ९० पाहून पुष्कळांना ते काकवीसारखे वाटते. पण इंजिनऑइलची मोजपट्टी वेगळी असल्याने ते गरम असताना तिकडच्या ४० ते ५० इतकेच दाट भरते. इंग्रजांच्या एमजीबी गाडीच्या गिअरबॉक्सला तर इंजिनाचेच तेल सांगितलेले असे. म्हणून दुकानदाराच्या आधी गाडीच्या मूळ पुस्तिकेला विचारावे.

मिस्त्रींनी गाडी थोडी फिरवून तेल गरम केले. मग आधी वरचे भरायचे बूच सैल केले आणि नंतरच खालचे उघडले. कारण जुने तेल सोडल्यावर वरचे बूच निघेनासे झाले तर गाडी जागीच खिळते. परातीत उतरलेल्या तेलात सोनेरी चकाकी होती. त्यांनी चुंबक फिरवला. चकाकी चुंबकाला चिकटली नाही. ते पितळ होते.

स्नेही बराच वेळ परातीकडे पाहत राहिले. गेल्या खेपेस कोणते तेल भरले, याची घरात कोठेच नोंद नव्हती. अॅम्बॅसिडरचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. अशी कडी आता शोधून आणायची.

मिस्त्रींनी जीएल-४ भरले. महागडा डबाही वाया गेला नाही. तो डिफरन्शिअलमध्ये, त्याच्या हक्काच्या जागी गेला. त्या रात्री स्नेह्यांनी तीर्थरूपांची जुनी हिशेबवही काढली आणि कोऱ्या पानावर तारीख, तेलाचे नाव व आकडा लिहून ठेवला. मुलाला कळावे म्हणून.