आधी जंगल, मग समुद्र!

मुलांना घेऊन कोकणात निघालं की गाडी थेट वाळूला टेकते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी जंगल बघा. रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य त्यासाठी अगदी झकास. मुरूड आणि रोह्याच्या मध्ये पसरलेलं हे रान एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. सकाळी सुपेगावच्या बाजूने परवानगी काढून, गावातला वाटाड्या सोबत घेऊन पायी फिरा आणि ऊन कललं की काशीदच्या किनाऱ्यावर उतरा. चौथीतल्या पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना झेपेल असा हा दिवस आहे.

लाल तळहात

जंगलात शिरताच करायचा पहिला उद्योग. सागाचं कोवळं पान खाली पडलेलं दिसलं तर उचला आणि दोन्ही तळहातांमध्ये चांगलं चोळा. हात लालभडक होतात! पान हिरवं आणि रंग लाल, हे बघून मुलं हरखतात.

मीटरभर लांबीची शेंग

फणसाडची खरी राणी म्हणजे गारंबी. ही प्रचंड मोठी वेल झाडांवर चढत जाते आणि तिची शेंग एक मीटर किंवा त्याहूनही लांब भरते. शेंग मुलांशेजारी उभी धरून बघा, कोण उंच ते कळेल. आत चपट्या, गुळगुळीत, तपकिरी बिया असतात. त्या कठीण कवचाच्या असतात आणि आत पोकळी असल्यामुळे पाण्यावर तरंगतात. पावसाळ्यात ओढ्याला लागलेली बी खाडीत जाते, खाडीतून समुद्रात. अशा बिया महिनोन्‌महिने तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. म्हणजे आपण सकाळी जंगल आणि संध्याकाळी समुद्र करतो, तोच प्रवास गारंबी कधीपासून करते आहे.

राज्यचिन्हांचा खेळ

कागदावर पाच नावं लिहून मुलांच्या हातात द्या: शेकरू, हरियाल, राणी पाकोळी, पांढरी चिप्पी, पापलेट. पाचही महाराष्ट्राची मानचिन्हं आहेत. दिवसभरात किती सापडतात ते बघायचं.

शेकरू हा राज्यप्राणी. शेपटीसकट मीटरभर लांबीची ही खार एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत उडी मारते आणि जमिनीवर क्वचितच उतरते. तिचं घरटं मात्र एक नसतं. एकच शेकरू अनेक घरटी बांधून ठेवते, म्हणून काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तरी आत कुणी असेलच असं नाही. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबुतर, राज्यपक्षी. वडा-उंबराला फळं असतील तिथे वर बघत थांबा. पानांत तो असा मिसळतो की हलला तरच दिसतो. काळ्या पंखांवर निळा पट्टा मिरवणारी राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ साली राज्य फुलपाखरू झाली. असा मान फुलपाखराला देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पांढरी चिप्पी हा कांदळवनातला वृक्ष, त्यामुळे तो खाडीच्या कडेला शोधायचा. पापलेटला २०२३ साली राज्यमासा केलं. त्याचा शोध बहुतेक ताटातच लागतो!

सुईचं गुपित

काशीदला पोचलात की सुरूची सावली. सुरूची पानं सुईसारखी, असं आपण म्हणतो, पण ती पानं नाहीतच. त्या हिरव्या बारीक फांद्या आहेत. एक फांदी हलकेच ओढा, ती सांध्यावर टचकन सुटते. सांध्याभोवती जे इवले दात दिसतात ती खरी पानं. सुरू मूळचा आपल्याकडचा नव्हे, लावलेला आहे. वारा आणि उडती वाळू तो छान अडवतो. मात्र अगदी पाण्यापर्यंत सुरूच सुरू लावणं मला पटत नाही, कारण कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू लागते. वाळू धरून ठेवायला जांभळ्या फुलांची मर्यादवेल किनाऱ्यावर मुळापासून आहेच.

वाळूच्या गोळ्यांचा कारागीर

ओहोटीच्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना? ती बोटाच्या पेराएवढ्या खेकड्यांची. हा खेकडा नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. एक गोळी, दुसरी, तिसरी... बिळापासून चहूकडे किरणांसारख्या रांगा तयार होतात. तुम्ही पाऊल टाकलंत की सगळे गायब. दोन मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहा, परत काम सुरू! भरती येते, नक्षी पुसते, पुढच्या ओहोटीला खेकडे नव्याने बसतात. मुलांना एवढं खिळवून ठेवणारं दुसरं काही मी किनाऱ्यावर पाहिलेलं नाही.

पाऊणकीचं गणित

पण ओहोटी कधी? कोकणातला जुना हिशेब शिकून घ्या. तिथीचा आकडा पाऊणने गुणायचा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे. त्यात उधाणाचे दिवस, त्यामुळे वाळू दूरवर उघडी पडते. घरी दिनदर्शिका बघूनच शनिवार निवडा. आणि काशीदच्या पाण्याला भोळं समजू नका. ओढ जोरदार असते, मुलांना घोट्यापुढे सोडू नका, जीवरक्षक सांगतील ते ऐका.

पोहत आलेली पाहुणी

रायगडात दिवेआगर, हरिहरेश्वर आणि खाली रत्नागिरीत वेळास, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी, साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं. पिल्लू नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. उबदार वाळूत माद्या, थंड वाळूत नर. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने समुद्री गरुडांचा अभ्यास करताना कासवांच्या अंड्यांची चोरी पाहिली आणि गावाला सोबत घेऊन संरक्षण सुरू केलं. आज तिथला कासव महोत्सव बघायला मुलं लांबून येतात. २०२१ साली ओडिशात खूणचिठ्ठी लावलेली एक मादी तर जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून निघून भारताला वळसा घालून ती इथवर आली होती.

म्हणून एक कळकळीची विनंती. गाडी रस्त्यालाच ठेवा, वाळूवर घेऊ नका. चाकांखाली खेकड्यांची बिळं बुजतात, कासवांची घरटीही चिरडू शकतात. आत जीव असलेला शंख मुलांच्या हातून परत पाण्याकाठी ठेवून घ्या. गारंबीची शेंग बघून झाली की जंगलातच राहू द्या आणि खाऊची पाकिटं तेवढी आठवणीने घरी आणा.