कांचेच्या समुद्रांतील जलनीली

दांडी म्हटलें कीं परगांवच्या पाहुण्यांस १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजराथेंत नवसारीकडे. आमची दांडी पालघर जिल्ह्यांत, तारापूर-बोईसरच्या बाजूस, मांगेला बंधूंच्या होड्या आणि सुकत घातलेले बोंबील यांच्या संगतींत वसलेली. तथापि मिठाशीं आमच्याही घराचा गेलीं दोन वर्षें दाट संबंध जडला आहे. कारण माझ्या धाकट्या नातवानें बैठकीच्या खोलींत समुद्र आणून ठेवला आहे.

हा समुद्र म्हणजे साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच अशी कांचेची टांकी. तींत सुमारें दोनशें लिटर खारें पाणी, सच्छिद्र कृत्रिम दगडांची एक लहानशी टेकडी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलें विदूषक माशांचें जोडपें, आणि खडकाला चिकटून फुलासारखा उमलणारा एक प्राणी, ज्याला समुद्रफूल म्हणतात. देखावा प्रवाळभिंतीचा, पण पोवळें एकही नाहीं. दगडी पोवळीं २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलीं गेलीं. आपल्या समुद्रांतलें पोवळें उपटून घरीं आणणें हा गुन्हा आहे, हें मला नातवानेंच सांगितलें. तोंपर्यंत पोवळें म्हणजे अंगठींतलें, एवढेंच मी जाणत होतों.

खाऱ्या पाण्यांतले मासे कांचेआड पाहण्याची गोडी आपल्याकडे लावली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयानें. मरीन ड्राइव्हवर तें १९५१ सालीं उघडलें, आणि ज्यांच्या देणगीमुळें त्याला तें नांव मिळालें त्यांचें आडनांव आमच्या शेजारच्या तारापूरवरूनच पडलेलें. शाळकरी वयांत मीं तें पाहिलें तेव्हां हा समुद्र एके दिवशीं आपल्या बैठकींत येईल आणि घरांत कलह माजवील, असें स्वप्नांतही आलें नव्हतें.

कलहाचें कारण शेवाळ. संस्कृत कवींना शैवल कमळाच्या संगतींत शोभून दिसे, आणि अमरकोशानें तर त्याला जलनीली असें सुंदर नांव दिलें आहे. पण टांकींतली जलनीली कांहीं निराळीच. गणपति उठले आणि कांचेवर प्रथम तपकिरी साय धरूं लागली. ती पुसली तर पंधरवड्यांत दगडांवर हिरवें केसाळ शेवाळ उगवलें. नातू तें चिमट्यानें उपटी. चौथ्या दिवशीं तें पुन्हा बोटभर वाढे. दिवाळीपर्यंत टेकडीच्या जागीं एक हिरवें अस्वल बसल्यासारखें दिसूं लागलें. समुद्रफूल आकसलें, आणि एके सकाळीं तें आपली जागा सोडून पंपाच्या दिशेनें सरकतांना दिसलें. हा प्राणी अस्वस्थ झाला कीं चालूं लागतो. पंपाच्या तोंडीं सांपडला तर त्याच्या चिंध्या होतात आणि सगळें पाणी नासतें.

त्या दिवशीं घरांत पाहुणे होते. त्यांच्यादेखत मीं नातवाला बोललों. हौस करतां येते, निगा राखतां येत नाहीं. हें तुझ्या आळसाचें फळ, असें कांहींसें बोललों. शाळेंत चौतीस वर्षें मुलांना बोलण्याची जीभ, ती कोठें थांबावें हें विसरते. मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. उलट एक शब्द बोलला नाहीं.

रात्रीं त्यानें पाणी तपासलें. नळींत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकावयाचे आणि आलेला रंग तक्त्याशीं ताडून पाहावयाचा, अशी रीत असते. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य! शेवाळाचें खत तें हेंच दोन पदार्थ, आणि दोहोंचा पत्ता नाहीं. मी म्हटलें, तुझीं औषधें तरी शिळीं असावींत. पण तसें नव्हतें. महिन्याच्या अखेरीस ज्याच्या खात्यावर दमडी उरत नाहीं, त्याला उत्पन्न नव्हतें असें म्हणतां येईल काय? जेवढें येतें तेवढें उडतें, म्हणून शिल्लक शून्य. टांकींत खत पडे तें शेवाळ तत्काळ गिळी. पाण्यांत शोधून तें कसें सांपडावें? तें शेवाळाच्या अंगांत होतें.

मग प्रश्न उरला, हें खत येतें कोठून. माशांना घातलेल्या अन्नांतून. मासे जें खातात त्याचा पुष्कळ भाग मलमूत्राच्या रूपानें पाण्यांत परत येतो. जें खात नाहींत तें दगडांच्या फटींत कुजतें. त्याचा अमोनिया होतो, दगडांवरचे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट करतात. फॉस्फेट तर कोठेंच जात नाहीं. रेडफिल्ड नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, समुद्रांतल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांच्या शरीरांत नायट्रोजनचे सोळा अणु तर फॉस्फरसचा एक, असें प्रमाण साधारणपणें आढळतें. केसाळ शेवाळाला फॉस्फरस याहूनही कमी पुरतो. चिमूटभर अन्नांतून मूठभर हिरवळ उगवते ती यामुळें.

नातवानें टांकीशेजारीं एक वही टांगली. माशांना कोणी, केव्हां, किती घातलें, तें ज्यानें त्यानें लिहावें. सूनबाई दुपारीं घालीत, कारण त्या वेळीं मासे कांचेशीं येऊन तोंड उघडतात. थोरल्या मुलाची धाकटी शाळेंतून आल्यावर घाली. सौ. नैवेद्याच्या पानावरचा भात चार शितें टाकी; जीव आहेत ते, त्यांना देवाचें पोंचूं नये काय, हा तिचा सवाल. पुतण्या रात्रीं कामावरून आल्यावर घाली. प्रत्येकाला वाटे कीं आपण एकटेच, आणि तेंही चिमूटभरच घालतों. अकरा माणसांच्या घरांत माशांना सहा वेळां जेवण मिळत होतें, आणि दोन विदूषक माशांना तें एकदां पुरतें.

वहीच्या पहिल्या ओळींत मात्र वेळ लिहिलेली होती, ‘पहांटे पांच’, आणि नांवाची जागा कोरी होती. हस्ताक्षर नातवाचें. मी पांचाला उठतों, संध्येपूर्वीं दिवा लावतों आणि त्या दोन जिवांना जागें झालेलें पाहून दोन चिमटी घालतों, हें घरांत कोणाला ठाऊक नाहीं अशी माझी समजूत होती. त्याला तें महिनोन्‌महिने ठाऊक होतें. पाहुण्यांसमोर मी त्याला आळशी म्हणत होतों तेव्हांही ठाऊक होतें. मीं त्या कोऱ्या जागीं माझें नांव लिहिलें आणि संध्याकाळीं, सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां, चूक माझी होती असें सांगितलें. मुलगा ताटांत पाहत राहिला. सूनबाईंनीं विषय बदलला.

माझा दुसरा अपराधही येथेंच नमूद करतों. दारांत समुद्र असतां पुड्यांतलें मीठ विकत कशाला आणावें, असा हट्ट धरून सुरुवातीचें पाणी मींच किनाऱ्यावरून आणवलें होतें, आणि तेंही भर पावसाळ्यांत. त्या दिवसांत खाड्यांचा गाळ समुद्रांत उतरलेला असतो. शिवाय औद्योगिक वसाहतीचें सांडपाणी या किनाऱ्याला मिळतें, हें मच्छीमारांचें गाऱ्हाणें राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलें आहे. खेरीज टांकींतून रोज वाफ होऊन दोन लिटर पाणी उडे, त्याची भरती आम्ही कूपनलिकेच्या पाण्यानें करीत होतों. वाफ होतें तें शुद्ध पाणी. त्याच्या जागीं घातलेल्या पाण्यांतलें जें जें विरघळलेलें असेल तें टांकींत सांठत जातें. आतां भरती स्वयंपाकघरांतल्या आर. ओ. यंत्राच्या पाण्यानें होते, आणि बदलावयाचें पाणी त्याच पाण्यांत समुद्राचें तयार मीठ कालवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ येईल असें केलें जातें.

उपाय कार्तिकांत सुरू झाले. अन्न एकदांच, तेंही नातवाच्या हातून. डबा त्याच्या कपाटांत. आठवड्यांतून एक दिवस अन्न अजिबात नाहीं, याला सौ.चा सक्त विरोध होता. त्याला ‘गुरुवारचा उपास’ असें नांव देतांच विरोध मावळला. दिवे अकरा तासांऐवजीं सात तास. दर रविवारीं तीस लिटर पाणी काढावयाचें, त्याच काढलेल्या पाण्यांत एकेक दगड दांतांच्या ब्रशानें घासावयाचा आणि परत ठेवावयाचा. गोड्या पाण्यांत दगड धुतला तर शेवाळाबरोबर ते उपकारी जंतुही मरतात. आणि सगळे दगड एकाच दिवशीं घासले तर टांकीचा सगळा पचनव्यवहार कोलमडतो. बोईसरच्या एका हौशी गृहस्थांनीं बुरशीवरचें फ्लुकोनाझोल पाण्यांत टाकण्याचें सुचविलें. कांहीं केसाळ जातींवर तें लागू पडतें खरें, पण खत चालू ठेवून तण मारण्यांत अर्थ नाहीं, असें म्हणून नातवानेंच नको म्हटलें.

तिसऱ्या आठवड्यांत एक चमत्कार झाला. शेवाळ अर्धें उतरलें, आणि आजवर शून्य असलेलें फॉस्फेट ०.३ दिसूं लागलें. सर्व घर घाबरलें; मुलगा मात्र हंसला. गिळणारें तोंड घटलें म्हणून शिल्लक दिसूं लागली, एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक गोष्ट अशी कीं, चुनखडीच्या जातीचा दगड फॉस्फेट शोषून ठेवतो आणि पाणी स्वच्छ झालें कीं तें हळूहळू परत सोडतो. जुनें देणें फेडावें तसें तें आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतें. त्यासाठीं लोहाच्या ऑक्साइडचे दाणे पिशवींत घालून पाण्याच्या वाटेंत ठेवले. ते फॉस्फेट धरून ठेवतात.

एवढ्या विलंबानें घरांतले लोक कंटाळले, तेव्हां मीं त्यांना हवाई बेटांतल्या कानेओहे उपसागराची हकीकत वाचून दाखविली. तेथें सांडपाण्यामुळें हिरव्या फुग्यांसारख्या एका शेवाळानें पोवळीं झांकून टाकलीं होतीं. १९७७-७८ सालीं सांडपाणी उपसागराबाहेर खोल समुद्रांत वळविलें. पाणी लवकर निवळलें. पण शेवाळानें पुष्कळ ठिकाणीं आपलें ठाणें पाव शतकाहून अधिक काळ सोडलें नाहीं. पुढें २००६ च्या मार्चमध्यें कित्येक आठवडे ढग आणि पाऊस राहिला, प्रकाश घटला, आणि तें झपाट्यानें ओसरलें. अंधारानें तें मेलें हें खरें. पण सांडपाणी चालू असतें तर सूर्य निघतांच तें पुन्हा माजलें असतें.

आम्हींही पौषांत टांकीवर तीन दिवस जाड गोधडी पांघरली, पाण्यांत हवेचे बुडबुडे मात्र चालू ठेवले. येथें एक सूचना देणें अवश्य आहे. अंधारांत मेलेलें शेवाळ कुजून आपलें सगळें खत पाण्यांत परत ओततें. म्हणून गोधडी काढल्याबरोबर मेलेले केस नळीनें ओढून घ्यावे आणि पाणी बदलावें. नाहीं तर आठ दिवसांत पहिलेच पाढे.

फाल्गुनांत दगडांचा मूळ जांभळट रंग दिसला. समुद्रफुलानें टेकडीच्या माथ्यावर कायमची जागा धरली असून मादी विदूषक त्याच्या पाकळ्यांत निजते. पंपामागच्या कोपऱ्यांत बोटभर शेवाळ अजून आहे. नातू तें मुद्दाम ठेवतो, गोगलगायींना चरावयास. पहांटे मी दिवा लावतों तेव्हां दोघे मासे कांचेशीं येतात आणि तोंडें उघडतात. डबा कपाटांत असतो. परवां वहींत पहिल्या ओळीवर नातवाच्या अक्षरांत लिहिलेलें दिसलें: ‘रविवार, पहांटे पांच, आजोबा, एक चिमूट.’ खालीं रेघ मारून पुन्हा लिहिलें होतें, ‘एकच.’