विश्लेषण : दात तपासणारा डॉक्टर मशेरीबद्दल का विचारतो?

दाढ दुखते म्हणून डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेलात, तर खुर्चीत बसताच तंबाखू, सुपारी, दारूची चौकशी होते. अनेकांना ती खटकते. पण ही चौकशी दंतवैद्यकाच्या (बीडीएस) विद्यार्थ्यांना शिकवली जाते. का?

दंतवैद्यच का?
व्यसनाच्या खुणा अनेकदा आधी तोंडात दिसतात. तंबाखूची गोळी ठेवण्याच्या जागी पांढरा चट्टा येतो, सुपारीमुळे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. कर्करोगाआधीचा हा टप्पा असू शकतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात.

विद्यार्थी काय शिकतात?
पाच पायऱ्या : व्यसनाबद्दल विचारणे, सोडण्याचा स्पष्ट सल्ला देणे, रुग्णाची तयारी जोखणे, मदत करणे आणि पाठपुरावा ठेवणे. डेंटल कॉलेजांत तंबाखूमुक्ती केंद्रे उभारण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

अडचण कुठे येते?
पहिल्याच प्रश्नात. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर मशेरी लावणारी महिला ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते दात घासणे असते. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून मशेरी, मावा, खर्रा, गुटखा अशी नावे घेऊन विचारावे लागते. तेही न रागावता. ओरडा बसला की रुग्ण पुढच्या वेळी लपवतो.

उपचाराशी काय संबंध?
- दारूमुळे यकृत बिघडले असेल, तर दात काढल्यावर रक्तस्राव वाढू शकतो आणि पॅरासिटामॉलही जपून द्यावे लागते.
- कोकेन घेतलेल्या रुग्णाला भुलीच्या इंजेक्शनमधील अ‍ॅड्रेनलिनमुळे हृदयाचा धोका संभवतो.
- दात काढल्यावर लगेच सिगारेट ओढल्यास जखम भरायला वेळ लागतो.

म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका.

सोडायचे असेल तर?
राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत समुपदेशन मिळते. तंबाखू वेळीच सोडल्यास पांढरा चट्टा अनेकदा कमी होतो. सुपारीने आखडलेले तोंड मात्र पूर्ववत होणे कठीण असते. म्हणूनच तोंड नीट उघडत असतानाच हा प्रश्न विचारला जाणे आणि त्याचे खरे उत्तर मिळणे महत्त्वाचे.